राजूरच्या गटारातून किती पाणी वाहील?

१. पाइपाच्या आधीचा प्रश्न

गावात भुयारी गटार होणार म्हटले की ग्रामसभेत पहिला प्रश्न येतो तो पाइपाचा. किती इंची टाकणार? मोठाच टाका, म्हणजे पुन्हा तुंबायची भानगड नको, असे सल्लेही लगेच मिळतात. अभियंत्याला मात्र पाइपाचा व्यास ठरवण्याआधी दुसरेच उत्तर हवे असते: त्या पाइपातून दर सेकंदाला किती लिटर सांडपाणी जाणार? हे उत्तर चुकले तर पुढचे सगळे चुकते. आकडा कमी धरला तर चेंबरची झाकणे उचलून घाण रस्त्यावर येते. जास्त धरला तरी गटार तुंबते, फक्त तळाशी गाळ साचून. हे दुसरे संकट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून या प्रकरणात त्याला जास्त जागा दिली आहे.

हिशेब समजण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातले राजूर हे गाव चांगले आहे. एकाच गावात तीन तऱ्हेची वस्ती इथे दिसते: उघड्या नाल्यांचे जुने गाव, कोळसा खाणीमुळे वाढलेली कामगारांची वस्ती (राजूर कॉलरी हे नाव त्यावरूनच पडले) आणि चुनखडी भाजणाऱ्या चुनाभट्ट्यांचा परिसर. तिघांचे पाणी वापरायचे प्रकार वेगळे, म्हणून सांडपाण्याचे गणितही वेगळे. पुढच्या उदाहरणांतले लोकसंख्येचे, कामगारांचे आणि पाइपाच्या लांबीचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. मापदंड मात्र देशभर वापरले जाणारे, केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेतले आहेत.

२. माणसे किती, आणि तीस वर्षांनी किती

गटाराचा पाइप एकदा रस्त्याखाली गेला की तो दर काही वर्षांनी बदलता येत नाही. म्हणून तो साधारण ३० वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी आखतात. आजची संख्या जनगणनेतून घ्यायची, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही. हाताशी पक्का आकडा २०११ चाच राहतो. त्याला आजचे रूप देण्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, मतदारयादी आणि अंगणवाडीचे सर्वेक्षण ही तीन कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहणे बरे.

समजा, आजची लोकसंख्या १२,००० आहे आणि दर दहा वर्षांनी ती साडेचौदा टक्क्यांनी वाढते. दहा वर्षांनी १३,७००, वीस वर्षांनी १५,७००, तीस वर्षांनी सुमारे १८,०००. चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्याला येतो त्याला हा येतोच.

खाणीच्या गावात मात्र हे सूत्र डोळे झाकून चालवू नये. शेतीच्या गावाची लोकसंख्या हळूहळू चढते किंवा उतरते. खाणीच्या गावाची लोकसंख्या कोळशाच्या थरावर चालते: नवी खाण सुरू झाली तर पाच वर्षांत वस्ती फुगते, जुनी बंद पडली तर क्वार्टर्स ओस पडतात. त्यामुळे अशा गावात खाणीचे पुढचे नियोजन काय आहे हे विचारल्याशिवाय ३० वर्षांचा आकडा लिहिणे म्हणजे अंदाजाने काम करणे. चांगला आराखडा करणारा दोन आकडे काढतो, वाढीचा आणि घटीचा, आणि दोन्हींत गटार चालेल का ते तपासतो.

३. माणशी पाणी किती

सांडपाणी म्हणजे वापरून टाकलेले पाणी. त्यामुळे घरात किती पाणी येते त्यावरून घराबाहेर किती पडेल ते ठरते. नियमपुस्तिकेत माणशी दररोजच्या पाण्याचे आकडे दिले आहेत: जिथे भुयारी गटार आहे किंवा होणार आहे अशा शहरांसाठी १३५ लिटर, महानगरांसाठी १५० लिटर, नळयोजना आहे पण गटारयोजना नाही अशा ठिकाणी ७० लिटर, आणि लोक सार्वजनिक नळावरून पाणी भरतात तिथे ४० लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरासाठी माणशी ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे.

१३५ आणि ५५ यांत जवळपास अडीच पटींचा फरक आहे. ५५ लिटर पाणी देणाऱ्या गावासाठी १३५ लिटरचे गटार आखले, तर ते पाणी येणार कुठून? कागदावर दोन्ही योजना आपापल्या जागी बरोबर दिसतात. जमिनीखाली मात्र त्यांची गाठ पडते.

कागदी आकड्यांपलीकडची पाहणी इथे उपयोगी पडते. नळ रोज येतो की दिवसाआड? किती घरांनी नळाला टिल्लू पंप लावला आहे? किती घरी स्वतःची बोअर आहे? बोअरचे पाणी पाणीपुरवठ्याच्या हिशेबात कुठेच नसते, पण मोरीतून ते गटारात येतेच. एखाद्या आळीत दर दुसऱ्या घरी बोअर असेल, तर नळयोजनेचा आकडा धरून काढलेले सांडपाणी तिथे बरेच कमी पडेल.

४. आलेले सगळे पाणी परत जात नाही

नळातून आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के गटारात येते असे धरतात. उरलेले २० टक्के पिण्यात, स्वयंपाकात, अंगणातल्या सड्यात, परसातल्या झाडांना आणि गुरांना जाते. विदर्भात यात आणखी एक वाटेकरी आहे, तो म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यात घरोघरी कूलरच्या टाक्या रोज भरल्या जातात आणि ते पाणी हवेत उडून जाते. मोरीपर्यंत ते पोचतच नाही. म्हणजे ज्या महिन्यांत पाण्याची मागणी सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत परत येणाऱ्या पाण्याचे प्रमाण कमी असू शकते. ८० टक्के हा वर्षभराचा सोयीचा आकडा आहे. प्रत्यक्ष मोजमाप हाती असेल तर तेच वापरावे, असे नियमपुस्तिकाही सांगते.

आता ३० वर्षांनंतरचा पहिला हिशेब मांडता येतो.

१८,००० माणसे × १३५ लिटर = २४,३०,००० लिटर पाणी दररोज.
त्याच्या ८० टक्के = १९,४४,००० लिटर सांडपाणी दररोज.
दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की सेकंदाला २२.५ लिटर.

ही झाली सरासरी. पण सरासरीवर पाइप आखला तर तो पहिल्याच सकाळी भरून वाहील.

५. सकाळची गर्दी

लग्नघरी शिधा किती भरायचा हे दिवसभरात जेवणाऱ्या एकूण माणसांवर ठरते, पण मांडव केवढा हवा हे एका पंगतीला किती जण बसतील यावर ठरते. गटाराचा पाइप हा मांडव आहे. दिवसाच्या एकूण पाण्यापेक्षा ऐन गर्दीच्या वेळचे पाणी त्याला पेलावे लागते.

सकाळी सहा ते नऊ या वेळेत संडास, आंघोळ, कपडे, भांडी हे सगळे एकदम चालते. दुपारी ओघ उतरतो, संध्याकाळी पुन्हा थोडा चढतो, मध्यरात्री जवळजवळ थांबतो. गर्दीच्या वेळचा ओघ सरासरीच्या किती पट, या आकड्याला शिखर गुणक म्हणतात. लोकसंख्या २०,००० पर्यंत असेल तर ३, त्यापुढे ५०,००० पर्यंत २.५, साडेसात लाखांपर्यंत २.२५ आणि त्याहून मोठ्या शहराला २ असा तो धरतात.

लहान गावाचा गुणक मोठा का? लहान गावात सगळ्यांचा दिवस एकाच वेळी सुरू होतो आणि प्रत्येक घराचे पाणी काही मिनिटांत गटाराच्या शेवटच्या टोकाला पोचते. मोठ्या शहरात कोणी पहाटे उठतो, कोणी दहाला. दूरच्या उपनगरातले सकाळचे पाणी मुख्य वाहिनीत येईपर्यंत जवळच्या भागाची गर्दी ओसरलेली असते. लाटा एकमेकींत मिसळतात आणि शिखर बसके होते.

राजूरच्या उदाहरणात गुणक ३. म्हणून २२.५ × ३ = सेकंदाला ६७.५ लिटर.

नळाला ठरावीक वेळीच पाणी येते तिथे मात्र गर्दी सकाळच्या उठण्यापेक्षा नळाच्या वेळेला बांधलेली असते. नळ दुपारी येत असेल तर कपडे दुपारीच धुतले जातात. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात एक दिवस गटार जोरात वाहते आणि दुसऱ्या दिवशी नुसते ओलसर असते. ३ हा गुणक अशा गावात कधी कमी पडतो, कधी उगाच मोठा होतो. गावातल्या बायांना विचारले तर नळाची आणि धुण्याची वेळ पाच मिनिटांत कळते. ती आराखड्यात लिहिण्याची पद्धत पडायला हवी.

६. पाळी सुटते तेव्हा

खाणीत काम तीन पाळ्यांत चालते आणि पाळी सुटली की कोळशाने माखलेला माणूस आधी आंघोळ करतो. कोळसा खाणींच्या तोंडाशी स्नानगृहे असावीत यासाठी १९५९ सालचे नियमच आहेत. घरी असो वा खाणीवर, ही आंघोळ एकाच वेळी होते आणि ती गावाच्या सकाळच्या गर्दीशी जुळेलच असे नाही.

समजा, एका पाळीतून ३०० कामगार सुटले, प्रत्येकाने ४० लिटर पाणी वापरले आणि सगळे अर्ध्या तासात आटोपले. १२,००० लिटर भागिले १,८०० सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ लिटर. गावाच्या मुख्य वाहिनीत हा ओघ सहज सामावेल. पण वसाहतीतल्या ज्या लहान शाखेत तो आधी उतरतो, तिथे ६.७ लिटर ही मोठी गोष्ट आहे. लोकसंख्येला गुणकाने गुणण्याचा सरधोपट हिशेब या शाखेत चुकतो. शाळा, वसतिगृह, बसस्थानक, मंगल कार्यालय यांच्या शाखांनाही हेच लागू पडते. अशा जागांचे पाणी डोक्यांवरून काढण्याऐवजी तिथे एका वेळी किती नळ उघडतात यावरून काढावे.

कारखान्याचे पाणी आणखी वेगळे. चुनाभट्टीवर दगड भाजून कळीचा चुना होतो. तो विझवायला पाणी लागते, पण त्यातले बरेचसे चुन्यातच बसते आणि काही वाफ होऊन जाते. म्हणजे पाणी वापरले जाते, सांडपाणी मात्र थोडेच निघते. जे निघते त्यात चुना असतो. तो हवेतल्या आणि पाण्यातल्या कर्बवायूशी मिळून पाइपाच्या भिंतीवर दगडासारखा बसतो. म्हणून असे पाणी घरगुती गटारात न सोडता जागीच निवळवून पुन्हा वापरणे शहाणपणाचे. खाणीतून उपसलेल्या पाण्याचाही गटाराशी संबंध नको. ते सांडपाणी नाही, आणि त्याचा उपसा गावाच्या सगळ्या सांडपाण्याहून कितीतरी जास्त असू शकतो.

७. जमिनीतून झिरपणारे पाणी

गटार फक्त घरांतून भरत नाही. पाइपाचे सांधे, तडे आणि चेंबरच्या भिंती यांतून भूजलही आत शिरते. याचा अंदाज तीन प्रकारे करतात: दर हेक्टरी दररोज ५,००० ते ५०,००० लिटर, पाइपाच्या दर किलोमीटरला ५०० ते ५,००० लिटर, किंवा दर चेंबरमागे २५० ते ५०० लिटर.

समजा, २० किलोमीटर पाइप आणि दर ३० मीटरला एक चेंबर, म्हणजे साधारण ६६७ चेंबर. किलोमीटरच्या हिशेबाने जास्तीत जास्त एक लाख लिटर, म्हणजे सेकंदाला १.२ लिटर. चेंबरच्या हिशेबाने जास्तीत जास्त ३,३३,५०० लिटर, म्हणजे सेकंदाला ३.९ लिटर. एकाच गावाला एकाच पुस्तकातून दोन उत्तरे मिळतात आणि दुसरे पहिल्याच्या तिप्पट आहे. म्हणून झिरप सांडपाण्याच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये, अशी मर्यादा घातलेली आहे. आपल्या उदाहरणात ती सेकंदाला सुमारे २.२ लिटर येते. झिरपीला शिखर गुणक लावत नाहीत, कारण ती दिवसरात्र सारखीच चालते.

६७.५ अधिक २.२ म्हणजे जवळपास ७०. राजूरच्या उदाहरणातला मुख्य वाहिनीचा ओघ झाला सेकंदाला ७० लिटर.

वणी भागातल्या काळ्या मातीचा इथे विशेष विचार हवा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतील इतकी आकसते. तिच्यात टाकलेल्या पाइपाचे सांधे दर वर्षी थोडे थोडे हलतात. पाइपाखाली आणि भोवती मुरूम किंवा वाळू भरली नाही, तर पहिल्या वर्षी कोरडा असलेला सांधा पाचव्या वर्षी पाझरतो. भूमिगत खाणीच्या परिसरात जमीन खचण्याचीही शक्यता असते. तिथे पाइपाचा उतारच बिघडतो.

८. पाऊस दूर ठेवायचा

आपल्याकडची नवी गटारे सांडपाण्यासाठी वेगळी आणि पावसासाठी वेगळी आखतात. कारण आकड्यातच आहे. एका हेक्टरवर तासाला २५ मिलिमीटर वेगाने पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर सेकंदाला ६९ लिटर पाणी होते. १८,००० माणसांचे ऐन गर्दीचे सांडपाणी आणि एका हेक्टरवरचा एक चांगला सडाका यांची अशी बरोबरी आहे.

घराच्या पातळीवर पाहिले तर १०० चौरस मीटर गच्चीवरून त्याच पावसात सेकंदाला ०.६९ लिटर येते. गच्चीचा पाइप चेंबरला जोडणे मालकाला सोयीचे वाटते, पण अशा शंभर गच्च्या जोडल्या गेल्या तर गटाराची सगळी क्षमता पावसानेच संपते. अंगणात तुंबलेले पाणी जावे म्हणून चेंबरचे झाकण उघडण्याची सवयही तेवढीच महाग पडते. जुलैत ज्या घरांच्या संडासातून पाणी उलटे येते ती बहुधा गावाच्या खालच्या अंगाला असतात, आणि गच्च्या जोडणारी घरे वरच्या अंगाला.

९. मोठा पाइप का नको

७० लिटरच्या ओघासाठी ३५० मिलिमीटर व्यासाचा पाइप ४०० मीटरला एक मीटर उतारावर बसतो. तो पूर्ण भरू देत नाहीत. खोलीच्या आठ दशांशापर्यंतच पाणी चढावे, वर हवेला जागा राहावी, असा नियम आहे. त्या खोलीला हा पाइप सेकंदाला साधारण ७१ लिटर नेतो आणि पाण्याचा वेग सेकंदाला ०.८६ मीटर असतो. हा वेग महत्त्वाचा आहे. दिवसातून निदान एकदा, गर्दीच्या वेळी, पाणी इतक्या जोराने वाहिले पाहिजे की तळाशी बसलेली वाळू, माती आणि मैला ते पुढे ढकलेल. यासाठी सुरुवातीच्या वर्षांत सेकंदाला निदान ०.६ मीटर आणि ३० वर्षांनंतरच्या ओघाला ०.८ मीटर वेग हवा. वरच्या बाजूला ३ मीटरची मर्यादा आहे, नाहीतर पाइप घासला जातो.

आता याच पाइपात आजचे गाव सोडून पाहू. १२,००० माणसे, माणशी ५५ लिटर, त्याच्या ८० टक्के. दिवसाला ५,२८,००० लिटर, सरासरी सेकंदाला ६.१ लिटर, गर्दीच्या वेळी १८.३ लिटर. वेग येतो ०.६२ मीटर. कसाबसा पास.

पण योजना पूर्ण झाल्या दिवशी सगळी घरे जोडली जात नाहीत. जोडणीचा खर्च घरमालकाचा, आधीचा सेप्टिक टँक चालू, त्यामुळे अनेकजण थांबतात. निम्मीच घरे जोडली गेली तर गर्दीच्या वेळचा ओघ ९ लिटर आणि वेग ०.५१ मीटर. दिवसाच्या सरासरी ओघाला, म्हणजे सेकंदाला ३ लिटरला, ३५० मिलिमीटरच्या पाइपात जेमतेम पाच सेंटिमीटर पाणी असते आणि ते ०.३७ मीटर वेगाने सरकते. वाळू तिथेच बसते, तिच्यावर मैला अडकतो, तो कुजून वायू तयार होतो. याच वायूने चेंबरमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगारांचे जीव जातात. हाताने मैला साफ करण्यावर आणि संरक्षणाशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही तुंबलेले गटार शेवटी माणसालाच खाली ओढते. म्हणून ओघाचा अंदाज फुगवणे हा सावधपणा मानू नये.

यावर मार्ग आहेत. उतार थोडा वाढवता येतो, पण खोदाई खोल जाते. सुरुवातीला गटारे धुण्यासाठी टँकरने पाणी सोडता येते. जिथे बहुतेक घरांना सेप्टिक टँक आहेत, तिथे टाकीत गाळ बसल्यावर निवळलेले पाणीच बारीक पाइपातून नेणारी गटारे करता येतात. त्यात घन पदार्थ नसल्याने वेगाची अट सैल होते. आणि माणशी ५५ लिटरच मिळणाऱ्या विरळ वस्तीत भुयारी गटाराचा हट्ट सोडून शोषखड्डे आणि परसबागा यांचा विचार करावा, मात्र मुरूम लागेपर्यंत खोल जाऊन. निव्वळ काळ्या मातीतला शोषखड्डा पावसाळ्यात पाणी पीत नाही.

१०. एकच अंदाज, तीन उपयोग

पाइप ३० वर्षांनंतरच्या शिखर ओघासाठी, हे झाले. उपसा केंद्रातले पंप साधारण १५ वर्षांसाठी निवडतात, कारण ते झिजतात आणि बदलता येतात. त्यांना रात्रीचा किमान ओघही पाहावा लागतो, नाहीतर एकच मोठा पंप दर काही मिनिटांनी चालूबंद होत राहतो. शुद्धीकरण केंद्र मात्र सरासरी ओघावर आखतात आणि टप्प्याटप्प्याने बांधतात. आपल्या उदाहरणात शेवटची गरज दिवसाला सुमारे २० लाख लिटरची आहे, आजची सव्वापाच लाखांची. पहिल्याच दिवशी २० लाखांचे केंद्र उभारले, तर त्यातले जिवाणू उपाशी राहतात आणि पाणी नीट शुद्ध होत नाही.

अंदाज बरोबर आला तर शुद्ध केलेल्या पाण्याला गिऱ्हाईकही सापडते. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातले शुद्ध केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. कोळशाच्या पट्ट्यात धूळ दाबण्यासाठी रस्त्यांवर सतत पाणी मारावे लागते. हे काम पिण्याच्या पाण्याने करण्यापेक्षा अशा पाण्याने करणे केव्हाही चांगले.

११. मोजून पाहणे

गावात आज उघड्या नाल्या आहेत, आणि त्या मोजता येतात. पाऊस नसलेल्या दिवशी, नाली जिथे थोड्या उंचीवरून खाली पडते तिथे १५ लिटरची बादली धरावी. ती पाच सेकंदांत भरली तर ओघ सेकंदाला ३ लिटर. ओघ बादलीत मावत नसेल तर नालीत लोखंडी पत्रा आडवा बसवून त्याला काटकोनी त्रिकोणी खाच पाडतात. पत्र्याच्या थोडे मागे, खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंटिमीटर उंच असेल तर ओघ सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ सेंटिमीटर असेल तर सुमारे १२ लिटर. उंची दीडपट झाली की ओघ पावणेतीन पट होतो.

ही नोंद पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला घ्यावी: एकदा नळ येण्याच्या दिवशी, एकदा न येण्याच्या, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. त्यातून गावाचा खरा शिखर गुणक निघतो, पाळी सुटल्यावरचा उंचवटा वेगळा दिसतो, आणि रात्री दोन-तीन वाजता आणखी एक मोजमाप घेतले तर नालीत सतत येणारे भूजल किंवा गळक्या नळांचे पाणी किती ते कळते. आराखड्यातला १३५ चा आकडा ठेवायचा, कमी करायचा, की पाणीपुरवठा वाढेपर्यंत गटाराचे काम दोन टप्प्यांत विभागायचे, हे या नोंदवहीवरून ठरवता येते.